पाठीचं माप

शिंप्याला अख्ख्या जगाचं माप घेता येतं, स्वतःच्या पाठीचं तेवढं घेता येत नाही. टेप एका खांद्यावर धरली की दुसऱ्या खांद्यावरून घसरते. आरशात बघावं तर मान वळते, आणि मान वळली की खांदा उचलला जातो. मास्तर हे कारखान्यात नव्याने आलेल्या प्रत्येकाला सांगायचे आणि वर म्हणायचे, "म्हणून शिंप्याने शिंप्याशी भांडू नये. पाठ शेवटी त्याच्याकडेच न्यावी लागते."

मास्तर म्हणजे तयार कपड्यांच्या कारखान्यातले कटिंग मास्तर. सगळा जन्म कापडाच्या थप्प्या कापण्यात गेला. माणूस दारातून आत येईपर्यंत यांच्या डोळ्यांनी त्याचं माप घेऊन झालेलं असायचं. मुलगी बघायला गेले तेव्हा म्हणे त्यांना आधी सासऱ्यांच्या कोटाची तोकडी बाही दिसली आणि मुलगी नंतर. तीच मुलगी पुढे मास्तरीणबाई झाली आणि त्या बाहीवरून तिने जन्मभर टोमणे मारले. मास्तरांचे स्वतःचे शर्ट घरीच शिवले जायचे. पाठीचं माप मास्तरीणबाई घ्यायच्या आणि टेप हमखास उलटी धरायच्या.

"एकवीस," त्या म्हणायच्या.

"एकवीस? मी काय दार आहे का?"

"बरं, हलू नका. अठरा."

"नक्की?"

"तुम्ही श्वास घेता म्हणून बदलतं ते. घेऊ नका."

असे श्वास रोखून मापलेले शर्ट मास्तरांनी निवृत्त होईपर्यंत घातले.

निवृत्तीनंतर परदेशी जाऊन राहायचं हे खूळ मेव्हण्याचं. "वर्षभर ऊन, घरभाडं इथल्यापेक्षा निम्मं, मासळी आणि फळं म्हणाल तेवढी. पेन्शनीत राजासारखे राहाल," असं त्याने सोफ्यावर पाय वर घेऊन सांगितलं. मेव्हणा स्वतः अजून तिकडे फिरकलेला नाही. उंटावरून शेळ्या हाकणं त्याला पहिल्यापासून जमतं. पण मास्तरीणबाईंचे गुडघे थंडीत धरायचे, मास्तरांना शहरातल्या महागाईची धास्ती होती, आणि दोघांनीही आयुष्यात कधी समुद्र धड पाहिला नव्हता. राहती जागा विकली, त्यातून लेकीच्या घराला हातभार लावला आणि निघाले. कारखान्यातल्या निरोपसमारंभात मास्तरांनी छाती पुढे काढून भाषण केलं. त्या भाषणातलं नारळाच्या झाडाखालच्या आयुष्याचं वर्णन ऐकून मालकसुद्धा हळहळले होते.

पहिलं वर्ष खरोखर छान गेलं. बाहेरून लोखंडी जिना असलेली वरच्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा मिळाली. खिडकीतून समुद्र नाही, एका लाँड्रीची मागची बाजू दिसायची, पण वारा समुद्राचाच यायचा. मास्तरीणबाईंचे गुडघे आठवड्याभरात सुतासारखे सरळ झाले. भाषेचा गंध नसताना त्यांनी भाजीवालीशी मैत्री केली, घरमालकिणीला विणकाम शिकवलं आणि मास्तरांना दोघींकडे हमाल म्हणून नेलं.

मग लेकीचा फोन आला. दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं होतं. मास्तरीणबाई दोन-तीन महिन्यांसाठी म्हणून गेल्या. बाळ झालं. मग बाळाला आजीशिवाय झोप येईना. मग लेकीची नोकरी पुन्हा सुरू झाली. गुडघ्यांचं नाव पुन्हा निघालं नाही. एकदा लेक फोनवर म्हणाली होती, "बाबा, तुम्हीही या ना. जागा लहान आहे, पण हॉलमध्ये होईल सोय." त्या "होईल सोय"मध्ये मास्तरांना काय ऐकू आलं कोण जाणे. ते एकदम म्हणाले, "छे गं! मी इथे मजेत आहे." आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर तो एवढ्या सफाईने कुणी पाडला नसेल. त्यानंतर त्यांना रोज मजेत असावं लागलं.

रोज संध्याकाळी फोन यायचा. "जेवलात का?" मास्तरीणबाई विचारायच्या. "जेवलो." "काय जेवलात?" मास्तर काहीतरी सांगायचे. मग बाळ दिसायचं, बाळाचं नाक दिसायचं, मध्येच बाळाचा पाय पडद्यावर आपटायचा आणि फोन संपायचा. त्यानंतर सकाळपर्यंत त्या दोन खोल्यांत पंख्याशिवाय कुणी बोलायचं नाही.

भाषा येत नाही याची सवय होते. एकट्याने जेवायचीही होते. मास्तरांना जे खुपत होतं त्याला नावच नव्हतं, आणि असतं तरी त्या वयाच्या पुरुषाने ते घेतलं नसतं. त्यांना कुणाचा हात लागत नव्हता. दुकानातली मुलगी सुटे पैसे ताटलीत ठेवायची. रक्तदाब औषधांच्या दुकानातलं यंत्र बघायचं. घरमालकीण दारातूनच हात हलवायची. डोक्यावर केस असते तर न्हाव्याकडे तरी गेले असते, पण तिथे कधीचाच दुष्काळ होता. अंघोळीनंतर पाठ पुसताना टॉवेल ओढणारे दोन्ही हात आपलेच असतात, हे मास्तरांना पहिल्यांदा इतकं लख्ख दिसलं.

एकट्याच्या जेवणाने अंग उतरलं आणि शर्ट ढगळ व्हायला लागले. स्वतःच आत घेतले असते, पण पाठ कोण मोजणार? म्हणून मास्तर बाजाराच्या रस्त्यावरच्या शिंप्याकडे गेले. हार्डवेअरवाला आणि दातांचा दवाखाना यांच्या मधली फटीएवढी जागा, पायाने चालवायचं मशीन, चष्म्याच्या काडीला गुंडाळलेला दोरा आणि मागे हा म्हातारा शिंपी. वयाने मास्तरांपेक्षा थोडा मोठाच. त्याने मास्तरांना उजेडात उभं केलं, दोन्ही खांद्यांवर हात ठेवून हलकेच दाबलं, वळवलं, आणि ताठ उभे राहा हे सांगण्यासाठी तळहात पाठीच्या मणक्यावर ठेवला.

मास्तरांचे डोळे भरून आले. आपल्याला काय झालंय ते त्यांना क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी रुमाल काढून नाक जोरात शिंकरलं. शिंप्याने सुताची धूळ समजून पंखा बंद केला.

त्यांनी एक शर्ट शिवायला टाकला. मग लगेच दुसरा. तिसऱ्या वेळी मास्तर कापड घेऊन उजेडात जाऊन उभे राहिले, तर शिंप्याने हसून हात हलवला आणि स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं. माप इथे आहे, पुन्हा कशाला? चांगला कारागीर. मास्तरांच्या हाताखाली असता तर मास्तरांनी त्याची पाठ थोपटली असती. आता मात्र ते कोरड्या पाठीने घरी आले.

आणि मग त्यांनी जे केलं ते फक्त शिंपीच करू शकतो. शर्ट शिवून आला तेव्हा दुपारी खिडकीशी बसून त्यांनी तो उलटा केला, ब्लेडने दोन्ही कुशींच्या शिवणी उसवल्या, बोटाचं अर्धं पेर आत घेतल्या आणि हाताने पुन्हा शिवल्या. पाणी मारून इस्त्री फिरवली, तशी जुन्या टिपांची भोकं मिटली. मास्तरांची हातटीप मशीनला लाजवेल अशी. तरुणपणी या हातावर त्यांनी पैजा जिंकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी घट्ट शर्ट अंगात चढवून, बटणं ताणलेली दाखवत ते दुकानात हजर झाले.

शिंपी गोंधळला. त्याने टेप काढली. छाती मापली, पोट मापलं, पाठ मापली, खात्री व्हावी म्हणून पुन्हा मापली. त्याचे हात कोरडे आणि ऊबदार होते. मास्तर डोळे मिटून उभे राहिले.

त्या दिवशी चहाही झाला. पुढच्या फेऱ्यांत तर गप्पा व्हायला लागल्या. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, पण कापड दोघांनाही येत होतं. मास्तरांनी पेटीतून आपली कात्री आणून दाखवली. शिंप्याने चिंधी कापून बघितली, कात्रीचा आवाज कान लावून ऐकला आणि मान डोलावली. मग आपली दाखवली. मास्तरांनी धार बघून तोंड वाकडं केलं, तसे दोघेही हसले. घरी येऊन मास्तर पुढचा शर्ट उसवायला बसले.

यात वाईट काय, असं ते स्वतःला विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे. शिलाई आपण मोजतोय, कापड आपलं, वेळ आपला. दुरुस्तीचे पैसे शिंपी घेत नव्हता तर हे बळेच त्याच्या खिशात कोंबत होते. मांजर डोळे मिटून दूध पितं तसंच हे. शिंप्याने नवा चष्मा केला तेव्हा मास्तरांना वाटलं, वय झालं. तो माप तीन-तीनदा घ्यायला लागला तेव्हा वाटलं, आपलं नशीब उघडलं. परत आलेल्या शर्टाच्या शिवणी त्याला दिसत नाहीत म्हणून त्याची सून उसवून देते, तिला शिवणातलं काही कळत नाही, हेही मास्तरांनी बघून ठेवलं होतं आणि बरं झालं म्हणून सोडून दिलं होतं.

सुनेने त्यांना एका सकाळी रस्त्यातच गाठलं. ती मास्तरांच्या देशात काही वर्षं नोकरी करून आलेली, त्यामुळे त्यांची भाषा तिला कामापुरती यायची.

"मास्तर, थोडं बोलायचं होतं," ती म्हणाली. "बाबांचा हात गेला."

"म्हणजे?"

"आम्हाला वाटत होतं. ते मानत नव्हते. तुमचे शर्ट परत यायला लागले, मग खात्री झाली. आता दुकान बंद करतोय. मशीन घ्यायला माणूस येऊन बघून गेला."

मास्तरांच्या हातातली भाजीची पिशवी जड झाली. "ते काय म्हणतात?"

"काही नाही. जेवत नाहीत नीट. पहाटे उठतात, जुन्या चादरीवर टिपा मारतात, हात लावून बघतात." तिने आवाज खाली आणला. "तुम्ही त्यांच्या धंद्यातले. तुमचं ऐकतील. तुम्हीच सांगा ना त्यांना, आता पुरे. फार उपकार होतील."

मास्तर घरी आले आणि पिशवीसकट खुर्चीत बसून राहिले. गप्प बसावं तर दुकान बंद, म्हणजे पाठीवरचा तो हात गेला. खरं सांगावं तरी तो हात गेलाच. इकडे आड, तिकडे विहीर. फरक एवढाच, की खरं सांगितलं तर म्हातारा आपल्या मशीनवर बसलेला राहणार होता.

माणूस आधी सोपी वाट शोधतो. मास्तरांनी शेवटचा शिवून आलेला शर्ट मुळीच न उसवता अंगात घातला आणि दुकानात जाऊन दोन्ही हात पसरून दाखवला. बघ, काय बसलाय! शिंप्याने त्यांच्याकडे पाहिलं. शर्ट नीट बसलेला त्याला दिसला असेलही. पण तो हसला, हळूच मास्तरांचा दंड थोपटला आणि मान खाली घालून कात्री पुसायला लागला. मास्तरांना आपली दया आली, असं त्याला वाटलं होतं. मास्तरांना ते थोपटणं सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ते गेले तेव्हा सून दुकानातच होती. मास्तर उभ्या उभ्याच म्हणाले, "मी सांगतो ते जसंच्या तसं त्यांना सांग. शर्ट ते बरोबरच शिवत होते. मी घरी नेऊन उसवत होतो आणि लहान करत होतो."

सून म्हणाली, "मास्तर, तुम्ही चांगले आहात. पण खोटं नका सांगू. त्यांना कळेल."

"तू सांग तर खरं."

तिने सांगितलं. शिंप्याने मान हलवली. त्यालाही ती दयाच वाटली. आता हातच्या कांकणाला आरसाच लागणार होता. मास्तर फळीपाशी गेले. आधी आणून दिलेला एक शर्ट तिथे अजून न उसवलेला पडला होता. त्यांनी तो उलटा केला, शिंप्याचं बोट हातात धरलं आणि खांद्याच्या शिवणीवरून फिरवलं. मशीनची टीप, वरून जशी तशीच खालून. मग तेच बोट त्यांनी कुशीच्या शिवणीवर नेलं. सफाईची हातटीप वरून मशीनसारखी दिसते, उलट्या बाजूने मात्र टाका टाक्यावर चढलेला असतो. डोळ्यांना चुकेल, बोटाला चुकत नाही. शिंप्याचं बोट पुढे गेलं, थांबलं, मागे आलं. मग त्याने ते मास्तरांच्या हातातून सोडवून घेतलं आणि एकट्यानेच ती सगळी शिवण चाचपली.

तो एकच शब्द बोलला. सुनेने तोंड उघडायच्या आधीच मास्तरांना तो कळला होता. का?

मास्तरांच्या स्वतःच्या भाषेतही उत्तराचं वाक्य तयार नव्हतं. ते वळले, शिंप्याकडे पाठ केली, दोन्ही हात अंगापासून थोडे दूर धरले आणि माप द्यायला उभं राहतात तसे उभे राहिले.

सून एकदा यांच्याकडे, एकदा सासऱ्याकडे बघत होती. तिला काही उमगत नव्हतं. शिंप्याला उमगलं असावं. त्याच्या गळ्यात टेप होती. मास्तरांच्या पाठीला काहीही लागलं नाही. मग मागून शिंपी हळू आवाजात थोडंसं बोलला.

"काय म्हणाले?" मास्तरांनी न वळता विचारलं.

"म्हणतात, इतके दिवस मला वाटत होतं, मी संपलो."

"आणि?"

"आणि, जा म्हणतात."

मास्तर गेले. बाजाराला जायची दुसरी, लांबची वाट होती, ती त्यांनी धरली. तरी एकदा चुकून कोपऱ्यावरून नजर गेलीच. दुकान उघडं होतं. मशीनचं चाक फिरत होतं आणि बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती. मास्तरांना खरोखर बरं वाटलं, आणि बरं वाटूनही घरचा जिना चढताना ते मध्येच कठड्याला धरून थांबले.

बऱ्याच दिवसांनी सून दारात आली. हातात कागदात बांधलेला शर्ट. मास्तरांचं शेवटचं कापड दुकानात राहिलं होतं त्याचा.

"बाबांनी शिवलाय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "म्हणाले, माप तोंडपाठ आहे. तुम्हाला आता यायचा त्रास नको. कापड माझ्याकडे दिलंत तरी शिवून मिळेल."

"बस ना. चहा?"

"नको, घाईत आहे." आणि ती लोखंडी जिन्यावरून खाली उतरून गेलीसुद्धा.

मास्तर सवयीने खिडकीशी बसले. सवयीनेच शर्ट उलटा केला, ब्लेड हातात घेतलं आणि थांबले. आत कुठे कापडाची मोकळी कडाच नव्हती. सगळ्या कडा आत दुमडून बंद केलेल्या, वरून जाड दोऱ्याच्या दुहेरी टिपा, प्रत्येक शिवण सरळ रेघेसारखी. असा शर्ट उसवायचा तर तो फाडावाच लागतो. मास्तरांनी ब्लेड खाली ठेवलं. एवढ्या कटकटीच्या कामाला कारखान्यात कुणी हात लावला नसता. ते बराच वेळ त्या शिवणींवरून बोट फिरवत राहिले.

मग त्यांनी तो घातला. बसला. खांदा खांद्यावर, बाही मनगटावर, पाठीवर एक सुरकुती नाही. नाव ठेवायला कुठे जागाच नव्हती.

संध्याकाळी फोन आला. मास्तरीणबाईंनी पडद्यावर पाहिलं आणि "जेवलात का" विचारायचंच विसरल्या.

"अगबाई! उभे राहा बघू. वळा. कुणी शिवला हो?"

"आहे एक इथला."

"काय बसलाय! माझ्या मापाने कधी मेला असा बसला नाही." त्या हसल्या. मग लटक्या रागाने म्हणाल्या, "आणि पाठ कुणाला मापू दिलीत माझ्या मागे?"

मास्तर खुर्चीत बसले. नेहमीचं वाक्य जिभेवर तयार होतं. रोजच्या वापराने गुळगुळीत झालेलं. त्यांना वाटलं, हीही आपलीच हातटीप. वरून कुणाला कळणार नाही.

"अगं," ते म्हणाले, "मी मजेत नाही."

"काय?"

"मी मजेत नाहीये इथे. मुळीच नाही. मला तुझ्यावाचून करमत नाही."

मास्तरीणबाईंचं हसू चेहऱ्यावरच राहिलं आणि डोळे मात्र बदलले. त्या फोनच्या अगदी जवळ आल्या. "अहो, मग इतके दिवस..." त्या बोलायला लागल्या, तेवढ्यात आतून बाळ कळवळून रडलं आणि लेकीची हाक आली, "आई! अगं आई, लवकर ये!"

"थांबा हं. फोन ठेवू नका. आलेच मी."

त्यांनी फोन कुठेतरी उताणा ठेवला. पडद्यावर लेकीच्या घराचं छत दिसायला लागलं, एक दिवा आणि पांढरा रंग. दुरून बाळाचं रडणं, पावलं, नळाचा आवाज येत होता. मास्तरांनी फोन बंद केला नाही. शर्ट चुरगळू नये म्हणून ताठ बसून ते त्या छताकडे बघत राहिले.